मुक्कामाचा दिवस

प्रवासवर्णनांत मुक्कामाच्या दिवसाला सहसा जागा नसते. ‘त्या दिवशी विश्रांती घेतली’ एवढ्या एका वाक्यात तो उरकला जातो आणि पुढच्या परिच्छेदात गाडी रस्त्याला लागलेली असते. वर्षानुवर्षे वर्गात प्रवासवर्णने शिकवताना आम्हा दोघांनाही त्यात काही वावगे वाटले नाही. निवृत्तीनंतर आर. व्ही., म्हणजे चाकांवरचे घर घेऊन अमेरिकेत चार महिन्यांच्या भटकंतीला निघालो, तेव्हा आमच्याही वहीत तारीख, गाव आणि मैल एवढेच रकाने होते. सोबत तेरा वर्षांचा लॅब्रेडॉर बाळू आणि मनी ही मांजर. त्यांच्यासाठी रकाना नव्हता.

जानेवारीत आम्ही अ‍ॅरिझोनातील क्वार्ट्झसाइट या वाळवंटी गावाबाहेर पोहोचलो. उत्तरेकडची थंडी चुकवण्यासाठी दर हिवाळ्यात हजारो फिरती घरे येथे येतात. गावाभोवतीच्या सरकारी जमिनीवर काही ठिकाणी 14 दिवस विनाशुल्क राहता येते. नळ नाही, विजेची तार नाही. टाकीतले पाणी मोजून वापरायचे आणि छपरावरच्या सौरपट्ट्या देतील तेवढी वीज घ्यायची. आमचा बेत दोन रात्रींचा होता. तिसऱ्या दिवशी सकाळी बाळूला उठता येईना. मागचे पाय त्याचे ऐकेनात. आमच्या नेहमीच्या डॉक्टरीणबाईंनी फोनवर औषधाची मात्रा सांगितली आणि म्हणाल्या, ‘‘दोन-चार दिवस गाडीचे हादरे नकोत.’’ अशा रीतीने आमच्या वाट्याला हा दिवस आला.

तसा तो सुखाचा दिवस होता, हे कबूल केले पाहिजे. कनातीच्या सावलीत बाळूची सतरंजी अंथरली, शेजारी आमच्या दोन खुर्च्या मांडल्या. चहा झाला, पुन्हा झाला. मनी स्टिअरिंगमागच्या काचेपाशी बसून बाहेर तुरुतुरु धावणाऱ्या लावा पक्ष्यांकडे बघत दात वाजवत होती. तिला बाहेर सोडत नाही. रात्री कायोटींची कोल्हेकुई अगदी जवळून ऐकू येते. फोडणीही बाहेरच करावी लागते, कारण आत मोहरी तडतडली की धुराचा भोंगा ठणाणा करतो आणि मनी अंथरुणाखाली जाते. बाळूच्या पंज्यात चोया निवडुंगाचे बोंड रुतले होते, ते फणीने उडवून काढले. हाताने काढू गेले तर ते हातालाच चिकटते.

दुपारी स्टाइनबेकचे ‘ट्रॅव्हल्स विथ चार्ली’ पुन्हा काढले. 1960 मध्ये आपल्या म्हाताऱ्या पूडल कुत्र्याला घेऊन त्याने अमेरिकेची फेरी केली. पुस्तक आले 1962 मध्ये. पुढे त्यातील बरेच संवाद रचलेले असावेत आणि लेखकाच्या अनेक रात्री गाडीत नव्हे, हॉटेलांत गेल्या, असे आक्षेप पुराव्यानिशी घेतले गेले. त्यावर वर्गात आम्ही तावातावाने चर्चा घडवून आणल्या आहेत. आज मात्र वेगळेच टोचले. चार्ली आजारी पडतो आणि टेक्ससमध्ये त्याला डॉक्टरांकडे ठेवावे लागते, ती पाने आम्ही प्रवासातला अडथळा म्हणून वाचली होती, तशीच शिकवलीही होती.

याच गावच्या स्मशानात हाजी अलीचे थडगे आहे. वाळवंटात ओझी वाहायला अमेरिकी लष्कराने उंट मागवले, त्यांच्याबरोबर तो 1856 मध्ये आला. लोकांनी त्याचा ‘हाय जॉली’ केला. यादवी युद्धाच्या काळात तो प्रयोग बारगळला. उंट विकले गेले, काही रानोमाळ भटकत राहिले. तो 1902 मध्ये वारला. 1935 मध्ये त्याच्यावर दगडी पिरॅमिड उभारला गेला. माथ्यावर धातूचा उंट. आल्या दिवशी तो पाहून आम्ही फोटो काढला, मैल नोंदवले. उंटांना इथे यायचे होते का, हा प्रश्न तेव्हा सुचला नाही.

महाप्रस्थानातला कुत्रा मराठी वाचकाला आठवणारच. त्याच्यासाठी युधिष्ठिराने स्वर्ग नाकारला, हे आपण कौतुकाने सांगतो. पण त्याआधी द्रौपदी पडली, एकेक भाऊ पडला, तेव्हा तो थांबला नव्हता, मागे वळूनही पाहिले नव्हते. तो कुत्रा चालू शकत होता. तोच वाटेत बसला असता तर?

चारच्या सुमारास, जे दोघेही दिवसभर टाळत होतो ते आमच्यापैकी एकाने बोलून टाकले : ‘‘पॅसिफिक बघायचा हट्ट आपला आहे. बाळूचा नाही.’’ दुसऱ्याने नकाशा उघडला, बराच वेळ पाहिला आणि घडी घालून ठेवला. 14 दिवस येथेच काढायचे, मग लहान लहान टप्प्यांनी घरी परतायचे, असे ठरले. वाईट वाटले, नाही म्हणणे खोटे होईल.

उन्हे कलल्यावर बाळू उठला. धडपडत समोरच्या झुडपापर्यंत गेला, पाय वर करण्याचा विचार सोडून दिला, बसल्यासारखे करून आपले काम उरकले आणि परत येऊन सतरंजीवर पडला. रात्री वहीत मैलांच्या रकान्यात शून्य लिहिले. खाली जागा होती. तिथे लिहिले : बाळू बारा पावले चालला. जाऊन-येऊन चोवीस.