दोन गुऱ्हाळे

आमच्या घरात एखादी वस्तू सुधारली की आधी ती बंद पडते, हा माझा जुना अनुभव आहे. म्हणून आमच्या अकरावीतल्या कन्येने, "बाबा, तुमच्या लॅपटॉपवर मी नवं पायथन घातलं हं, जुनं फारच जुनं झालं होतं," असे मोठ्या उत्साहाने सांगितले तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. पायथन म्हणजे अजगर नव्हे. संगणकाला कामे सांगायची ती एक भाषा आहे, आणि तिचे नाव सापावरून नव्हे, तर बीबीसीवरच्या एका विनोदी कार्यक्रमावरून ठेवलेले आहे. भाषेला विनोदी कार्यक्रमाचे नाव देणारा माणूस मला आवडतो. पण मी पडलो मराठीचा प्राध्यापक. या भाषेशी माझा संबंध भाडेकरूसारखा. घर कोणी बांधले, वासे कुठे आहेत, मला ठाऊक नाही.

हा संबंध जुळला तो एका विद्यार्थिनीमुळे. बावड्याला आमच्या चहूबाजूंनी ऊस. नीरा एका अंगाला, भीमा दुसऱ्या अंगाला, आणि पुढे नीरा नरसिंहपूरला दोघींचा संगम. ऊस आता कारखान्यांकडे जातो. पूर्वी गुऱ्हाळांकडे जाई. गुऱ्हाळांबरोबर त्यांचे शब्दही जातात की काय, हे पाहावे म्हणून २०१५ पासून दरवर्षी मी प्रथम वर्षाच्या मुलांना पंचवीस प्रश्न घालतो. उसाचा रस जिथे आटवून गूळ करतात त्या जागेला काय म्हणतात? ज्या मोठ्या कढईत रस उकळतो तिला? तिच्याखालच्या भट्टीला? रस काढून राहिलेल्या उसाला? मुले उत्तरे लिहितात: गुऱ्हाळ, काहील, चुलवण, चिपाड. किंवा लिहीत नाहीत.

२०१७ साली विज्ञान शाखेतली, पण मराठी घेतलेली एक मुलगी माझ्याकडे आली आणि म्हणाली, "सर, तुम्ही हे वहीत कशाला मोजत बसता? मी प्रोग्रॅम लिहून देते." तिने तो लिहिला. वर्षे खाली, मुलांची संख्या उभी, आणि प्रत्येक शब्दाची एक रेघ. ही चित्रे काढायला पायथनमध्ये मॅटप्लॉटलिब नावाचे साधन आहे. त्याला ते लोक लायब्ररी म्हणतात, पण तिथे पुस्तक मिळत नाही; दुसऱ्याने आधीच लिहून ठेवलेल्या सूचना उसन्या मिळतात. जॉन हंटर या अमेरिकन मज्जाशास्त्रज्ञाने अपस्माराच्या रोग्यांच्या मेंदूतले विद्युत्‌संदेश पाहता यावेत म्हणून ते स्वतःपुरते लिहिले आणि २००३ साली सगळ्या जगाला फुकट देऊन टाकले. २०१२ मध्ये तो वारला. त्याच्या उधारीवर आम्ही बावड्याची काहील आणि चुलवण मोजत होतो.

आता त्या रेघांविषयी. २०१९ पर्यंत गुऱ्हाळाची रेघ सपाट होती. २०२० साली ती कड्यावरून पाय घसरल्यासारखी खाली गेली आणि पुन्हा वर आली नाही. काहिलीचीही तीच गत. मला, खरे सांगायचे तर, दुःखाबरोबर थोडा आनंदही झाला. संशोधकाला रेघ पडलेली दिसली की बरे वाटते. सपाट रेघेवर व्याख्यान देता येत नाही. मी लगेच कारणमीमांसा रचली. टाळेबंदीत मुले घरात कोंडली गेली, हातात फोन आले, बोली तुटली. लेख लिहिला. आणि २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिनाच्या निमित्ताने गावात बोलताना ती रेघ पडद्यावर लावून मी सांगितले, "गुऱ्हाळ हा शब्द तुमच्या मुलांच्या तोंडातून गेला आहे."

कार्यक्रमानंतर त्या मुलीचे आजोबा भेटले. उभा जन्म गुळव्या म्हणून काढलेला माणूस. रस कधी उतरवायचा ते काहिलीच्या नुसत्या वाफेवरून ओळखणारा. मला म्हणाले, "म्हंजी मास्तर, समदंच गेलं म्हना की." मी मान डोलावून म्हटले, "हो आजोबा, गेलं." त्या 'गेलं'मध्ये माझा आवाज जरा भारदस्त झाला होता, हे मला तेव्हाच जाणवायला हवे होते.

तर नवे पायथन आले आणि प्रोग्रॅम बंद पडला. पडद्यावर तांबड्या अक्षरांत एक भलामोठा परिच्छेद, आणि शेवटी एकच कामाची ओळ: 'डिस्टयुटिल्स' नावाचे काही सापडत नाही. मी पुण्याला फोन लावला. ती मुलगी आता तिथे नोकरी करते.

"सर, ते काढून टाकलंय त्यांनी," ती म्हणाली. "मी तेव्हाची लायब्ररी ठरावीक जुन्या आवृत्तीचीच घ्यायला सांगून ठेवलं होतं. त्या जुनीला डिस्टयुटिल्स लागतं. आणि नव्या पायथनमध्ये ते नाही."

"असं परस्पर कसं काढतात?"

"परस्पर नाही, सर. २०२१ सालच्या आवृत्तीपासून सूचना देत होते, हे जाणार आहे, वापरू नका. २०२३ च्या ऑक्टोबरात काढलं."

दोन वर्षे आधी नोटीस! मला हेवा वाटला. आमच्या भाषेत चुलवण गेले तेव्हा कोणी नोटीस दिली होती? १९६२ साली शुद्धलेखनाचे नियम बदलले आणि 'नांव' वरचा अनुस्वार उडाला, तेव्हा निदान नियम छापून आले. तरीही माझ्या आजोबांनी अखेरपर्यंत अनुस्वार दिले आणि आम्ही त्यांची पत्रे बिनतक्रार वाचली. या यंत्राला तेवढी माणुसकी नाही. एक ओळखीचा शब्द दिसला नाही की ते सगळा कागदच फेकून देते.

जुनी आवृत्ती सोडून नवी मॅटप्लॉटलिब घे, असे तिने सांगितले, घेतली. मग दुसरी तक्रार. चित्राच्या पार्श्वभूमीला तिने एक तयार ठेवण वापरली होती, तिचे मधल्या काळात नाव बदलले होते. ते कन्येने शोधून बदलले. "आता सगळं एकदम नका चालवू," फोनवरून सूचना आली, "एकाच वर्षाचं, एकाच प्रश्नाचं चित्र काढून बघा." आम्ही २०२२ सालचा गुऱ्हाळाचा प्रश्न घेतला. मुलांनी जी जी उत्तरे लिहिली त्यांचे खांब.

इथे माझा मराठी बाणा आडवा आला. तिने खांबांखाली नावे इंग्रजी अक्षरांत येतील अशी सोय केली होती. मी म्हटले, आता सगळे उकललेच आहे तर नावे देवनागरीत टाकू. टाकली. नावांच्या जागी नुसत्या चौकटी आल्या, रिकाम्या खिडक्यांची चाळ दिसावी तशा. त्या साधनाच्या नेहमीच्या टंकात देवनागरी अक्षरेच नाहीत! देवनागरीचा टंक दिला तेव्हा अक्षरे आली, पण कशी? 'मॅटप्लॉटलिबला देवनागरी नीट जमत नाही' अशा अर्थाची इशारत देऊन त्याने प्रत्येक खूण सुटी सुटी मांडली. चिपाडाचे 'चपिाड' झाले. जोडाक्षरांचे सांधे निखळले. कन्या हसून हसून लोळली. मी मात्र चिडून गुऱ्हाळाकडे पाहत होतो, आणि पाहता पाहता थांबलो.

गुऱ्हाळाचे खांब दोन होते.

शेजारी शेजारी, दोन्हींखाली नाव तेच. पण एकाखाली सुटे सुटे होऊन दिसत होते ग, उकार, खाली नुक्ता असलेला ऱ, पायमोडका, ह. आणि दुसऱ्याखाली तसाच ह, तसाच ग, पण र साधा, नुक्ता नसलेला. नीट जोडून छापले असते तर दोन्हींत काडीचा फरक दिसला नसता. यंत्राला जोडता येत नव्हते म्हणूनच सांधा दिसला.

मी पुन्हा फोन लावला. पलीकडे बराच वेळ शांतता होती.

आपला हा अर्धा र, कऱ्हाडातला, वाऱ्यातला, गुऱ्हाळातला, संगणकात एकाहून अधिक तऱ्हांनी लिहिता येतो. एक तऱ्हा नुक्त्याच्या ऱ ची. तो ऱ मुळात दाक्षिणात्य भाषांतला एक उच्चार दाखवायला म्हणून संकेतावलीत आला, आणि त्याचे अर्धे रूप आपल्या वाट्याला आले. दुसरी तऱ्हा साधा र, पायमोडका आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारी एक जोडखूण. कागदावर दोन्ही एकच. यंत्राला दोन वेगळे शब्द. २०१९ पर्यंत मुले कागदावर उत्तरे लिहीत आणि ही एकटी ती आपल्या कळफलकावर पहिल्या तऱ्हेने टाइप करी. २०२० पासून मुलांनी आपापल्या फोनवर लिहिली. कोणाचा फोन एका तऱ्हेचा, कोणाचा दुसऱ्या. प्रोग्रॅममधली बरोबर उत्तरांची यादी मात्र तिच्या २०१७ च्या हातची. दुसऱ्या तऱ्हेच्या प्रत्येक गुऱ्हाळावर यंत्राने मुकाट्याने चूक म्हणून फुली मारली होती.

"आणि सर, अजून एक," ती चाचरत म्हणाली. "काहील. कागदावर मुलं कायल, काईल असंच लिहायची. मी टाइप करताना काहील करायची. तुम्हीच म्हणाला होता, शुद्ध तेच धर."

मी म्हणालो होतो. चांगले ठणकावून म्हणालो होतो. फोनवर मुलांची उत्तरे थेट यंत्राकडे गेली, मध्ये दुरुस्त करणारा हात राहिला नाही, आणि ज्या पोरांच्या घरी कायल अंगणात पालथी पडलेली आहे, त्यांना काहील ठाऊक नाही असा निकाल लागला.

रात्री बारापर्यंत आम्ही बापलेक बसलो. तिने अदृश्य जोडखुणा काढून सगळे गुऱ्हाळ एका तऱ्हेचे केले, मी कायल आणि काईल यांना क्षमा करून आत घेतले. मग रेघा काढल्या. गुऱ्हाळाची रेघ जवळजवळ सरळ. काहिलीची थोडी उतरती. चुलवणाची मात्र तशीच खाली, अगदी पूर्वीसारखी. तिच्यात ना अर्धा र, ना शुद्धलेखनाचा वाद. चरकाच्या जागी मुले 'क्रशर' लिहीत होती तीही तशीच.

"बाबा, म्हणजे तुमचा लेख चुकला?"

"अर्धा," मी म्हटले. ती माझ्याकडे पाहतच राहिली. "बरं, अर्ध्याहून जास्त." चूक कळवणारे पत्र लेख छापणाऱ्यांना दुसऱ्या दिवशी टाकले. ते पत्र लिहायला लेखाहून अधिक वेळ लागला.

आजोबांकडे जायला आणखी चार दिवस गेले. जाणे सोपे नव्हते. ते ओट्यावर बसले होते. मी सगळे सांगितले. जोडखुणेचे त्यांना कितपत कळले कोण जाणे, पण शेवटचे कळले.

"म्हंजी पोरं गुऱ्हाळ म्हनत्यात?"

"म्हणतात. मीच नीट ऐकलं नाही."

ते काही वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "आन् चुलवन?"

आता तरी खोटे बोलायचे नव्हते. "ते खरंच कमी झालंय, आजोबा."

"व्हनारच. वाकून जाळ घालनारं मानूस ऱ्हायलं न्हाई." मग माझ्याकडे वळून, जरा दरडावल्यासारखे, "पर मास्तर, तुमी निस्तं नाव इचारता. चुलवनात जाळत्यात काय, ते इचारा की! नाव येत नसंल, पर बघितल्यालं असतंय पोरास्नी."

यंदाच्या यादीत तो सव्विसावा प्रश्न घातला आहे. उत्तर चिपाड, चिपडं, चिप्पाड, पाचट, काहीही लिहिले तरी आधी मी स्वतः डोळ्यांनी वाचणार आहे, मग यंत्राकडे देणार आहे.