रेस देणे आणि रेस घेणे

वऱ्हाडातल्या गॅरेजात मोटारीविषयी दोन शब्दप्रयोग हमखास कानी पडतात. चालक गाडीला ‘रेस देतो’. आणि पेडलवर कुणाचा पाय नसतानाही इंजिन भरभर फिरू लागले, तर गाडी ‘रेस घेते’. नाम एकच, तेही इंग्रजीतून आलेले. परंतु देणे आणि घेणे या आपल्या क्रियापदांनी कर्ता बदलला. माणूस देत नाही, तर गाडी घेते कुठून, हा पुढचा प्रश्न त्यातूनच उभा राहतो.

माझ्याकडे कार्ब्युरेटर असलेली जुनी मारुती ८०० आहे. उभ्या गाडीत तिच्या तीन सिलिंडरांच्या इंजिनाचे मिनिटाला हजाराच्या आत फेरे व्हावेत, अशी अपेक्षा असते. ते दाखवणारे मीटर मात्र तिच्यात नाही. कानावरच विसंबावे लागते. गेल्या हिवाळ्यात ती रेस घेऊ लागली. अमरावतीतल्या एका गॅरेजात कार्ब्युरेटरचा स्क्रू मागे फिरवून आवाज उतरवण्यात आला. परिणाम असा, की सकाळी थंड असताना ती बंद पडे आणि गरम झाली की पुन्हा आवाज चढे.

अकोल्याच्या संपर्कसत्राला जाताना मूर्तिजापूरच्या एका मिस्त्रींना ती दाखवली. बॉनेट उघडण्यापूर्वी त्यांनी विचारले, “सर, आता रेस घेऊन राह्यली ते ठीक, पण रोजच घेते का?” तुमच्या लक्षात आले असेल : ‘घेऊन राह्यली’ म्हणजे या क्षणी चाललेली क्रिया, ‘घेते’ म्हणजे नेहमीची. ‘-ऊन राहणे’ या वऱ्हाडी रचनेला ‘हिंदीचा प्रभाव’ असे लेबल लावून आपले अभ्यासक बहुधा पुढे सरकतात. उगमाचा मुद्दा खरा असेलही. परंतु ती रचना येथे कोणते काम करते, हे त्या लेबलातून कळत नाही. आत्ताचा दोष आणि रोजचा दोष यांची कारणे वेगळी असू शकतात, आणि मिस्त्रींना तोच भेद हवा होता.

त्यांचा दुसरा प्रश्न मला अनपेक्षित होता. “ब्रेक दाबाले जड लागते काय?” लागत होता. वयोमानाने पाय थकला असावा, असे मी समजत होतो!

मग त्यांनी एका वेळी एकच गोष्ट बदलली. ॲक्सिलरेटरची केबल सैल करून पाहिली, आवाज तसाच. चोक पूर्ण परत गेला आहे का, हे तपासले; गेला होता. त्यानंतर रबरी नळ्या पकडीने एकेक दाबत गेले. ध्वनिविचाराच्या घटकात आपण ‘कडी’ आणि ‘खडी’ अशी लघुतम युग्मे घेतो : बाकी सर्व तेच ठेवून एकच ध्वनी बदलायचा आणि अर्थ बदलतो का, ते पाहायचे. येथेही रीत तीच होती. ब्रेकच्या बूस्टरकडे जाणारी नळी दाबताच आवाज झटकन खाली आला. “इथून हवा घेऊन राह्यली,” ते म्हणाले.

इंजिन हवा ओढते, त्यामुळे त्याच्या नळकांड्यात निर्वात निर्माण होतो. त्याच निर्वाताच्या बळावर बूस्टर आपल्या पायाला साहाय्य करतो. क्लिपाजवळ नळी चिरली होती. त्या चिरेतून शिरणारी हवा कार्ब्युरेटरला वगळून थेट इंजिनात जाई, म्हणून फेरे वाढत. आणि निर्वात घटल्याने ब्रेकचे बळही घटे. स्क्रूने यातले फक्त ऐकू येणारे तेवढे बंद केले होते. जून २०२२ मध्ये याच अमरावती–अकोला महामार्गावर ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत अंथरून गिनेस विक्रम झाला. पूर्वीच्या खड्ड्यांत गाडी आपोआप हळू जाई. आता तिथे वेग सहज वाढतो आणि ब्रेकवर सारा भार येतो.

नवी नळी बसवल्यावर गाडी सुरू होऊन लगेच बंद पडली, कारण स्क्रू अजून मागेच होता. मिस्त्रींनी तो थोडा पुढे घेतला, कान दिला, आणखी किंचित फिरवला आणि हात पुसले.