निरुपयोगी ठरविण्याचा अधिकार

सरकारी नोकरीत वस्तू आपोआप जुनी होत नाही. ती जुनी ठरवावी लागते. २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांतील २१७ वा नियम आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या हाताखालून गेला असेल. एखादी वस्तू अतिरिक्त, कालबाह्य वा निरुपयोगी ठरवावयाची झाल्यास ती विकत घेण्याचा ज्याला अधिकार आहे त्यानेच तशी कारणे नोंदवावीत, असे तो सांगतो. नियम शहाणपणाचा आहे. नव्याचे पैसे ज्याच्या हातून जावयाचे, जुन्याचा निकालही त्यालाच देऊ द्यावा. अडचण इतकीच, की घरातल्या लॅपटॉपला हा नियम लावू गेलो असता खरेदीचा अधिकार आमच्याकडे नसून सौभाग्यवतीकडे आहे असे आढळते. आणि तिने कारणे केव्हाच नोंदवून ठेवली आहेत.

ती कारणे खोटी नाहीत. पडद्याची बिजागरी ढिली झाली आहे. विजेची तार काढली की पाव तासात यंत्र मान टाकते. सकाळी कळ दाबून चहा ठेवावा, तर चहा होऊन, गाळून, निवून जाई तो पडद्यावर अक्षर उमटत नाही. “अहो, हे तुमच्याबरोबरच निवृत्त व्हायचे आहे का?” असे तिने विचारले, तेव्हा आमच्याजवळ उत्तर नव्हते. २०१४ साली नागपुरास घेतलेले हे यंत्र रायपूर, बिलासपूर, भोपाळ अशा बदल्या अंगावर काढून जबलपुरास पोचले आहे. अधिकाऱ्याला असे यंत्र दिल्यावर ४ वर्षांच्या आत दुसरे द्यावयाचे नाही, असे केंद्र सरकारने २०२३ साली ठरविले. त्या मापाने मोजले तर आमच्या यंत्राचा हा तिसरा जन्म होय.

मढाताल भागात जयंती कॉम्प्लेक्स म्हणून संगणकांचा बाजार आहे. (ताल आता नावापुरताच आहे. बावन्न तलावांचे म्हणून ख्यात असलेल्या ह्या शहरात पाण्यापेक्षा पाण्याची नावे अधिक टिकली.) तेथल्या एका कारागिराने यंत्र उलथे केले, स्क्रू काढले, आत फुंकर मारली आणि निदान केले, “साहब, बॉडी में दम है, डिस्क थक गई है.” जुन्या यंत्रात माहितीची तबकडी प्रत्यक्ष फिरत असते आणि तिच्यावरून एक सूक्ष्म सुई मागेपुढे धावत अक्षरे हुडकते, वर्षानुवर्षांच्या धावपळीने ती मंदावते. तिच्या जागी एसएसडी बसविली, की फिरणारे असे काही उरतच नाही. ती, नवी बॅटरी, स्मृतीची एक पट्टी आणि बिजागरी मिळून त्याने ७,२०० रुपये सांगितले. त्याच गल्लीतल्या नव्या यंत्राची किंमत ४८,००० रुपये होती. दुरुस्तीचा खर्च नव्याच्या निम्म्यावर गेला तर नवे घ्यावे, हा एका सहकाऱ्याचा दंडक. त्याने पाहता प्रश्न तेथेच मिटावयास हवा होता.

तो मिटला नाही, कारण आमच्या यंत्राचे जुनेपण लोखंडात नव्हतेच. ज्या विंडोज १० वर ते चालते, तिची नेहमीची सुरक्षा-डागडुजी निर्मात्यांनी १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविली. पुढची आवृत्ती टीपीएम २.० नामक सुरक्षा-व्यवस्था आणि बऱ्याच नंतरच्या पिढीचा प्रोसेसर मागते. २०१४ चे यंत्र त्या दारातून आत जाऊ शकत नाही. म्हणजे खरेदीशी ज्यांचा संबंध नाही अशा कोणी सातासमुद्रापलीकडून आमची वस्तू कालबाह्य ठरविली! २१७ व्या नियमात हे बसत नाही. पण चीड आली म्हणून धोका टळत नाही. डागडुजी थांबलेल्या यंत्रावर बँकेचे व्यवहार करणे म्हणजे कडी मोडलेल्या घरात दागिने ठेवणे होय.

तरीही आम्ही नव्याला हात लावला नाही, ह्याचे कारण अण्णा. आमचे वडील शेवटची वर्षे बिलासपुरास आमच्यापाशी होते, आणि ह्याच यंत्रावर दोन बोटांनी त्यांनी आपल्या आठवणींची २१२ पृष्ठे टंकित केली. ज्या मराठी संचप्रणालीत ती लिहिली तिला एक छोटी किल्ली यंत्राला जोडावी लागते, आणि ती प्रणाली ह्या यंत्राबाहेर कोठे चालत नाही. तिच्यातील अक्षरे वस्तुतः रोमन संकेतांना चढविलेला देवनागरी पोशाख आहे. तो फाँट नसलेल्या यंत्रावर अण्णांचे बालपण निव्वळ चिन्हांचा कचरा दिसते. २०१९ साली अण्णा गेले. आता चुकल्यास विचारावयाचे कोणाला?

जबलपूर हे तसे दुरुस्तीचे गाव. येथील गन कॅरेज फॅक्टरी १९०४ सालची. रशियन बनावटीच्या जुन्या १३० मिलिमीटरच्या तोफांना १५५ मिलिमीटरची नळी चढवून ‘शारंग’ तोफ करण्याचे काम ह्याच शहरातल्या आयुधनिर्माणींत झाले, आणि २०२० साली पहिली शारंग सैन्याच्या हाती पडली. सत्तावीस किलोमीटरांचा पल्ला छत्तिसांच्या पलीकडे गेला. शेजारच्या आयुधनिर्माणीवाल्यांशी बोलताना ‘बी.ई.आर.’ हा शब्द वरचेवर कानी येतो: बियाँड इकॉनॉमिक रिपेअर, दुरुस्ती परवडण्यापलीकडे गेलेले. तो शेरा मारण्यापूर्वी नळी थकली आहे की गाडी, हे ते पाहतात. नव्या पातळ लॅपटॉपांविषयी आमची तक्रार हीच आहे. कित्येकांत स्मृतीची पट्टी मूळ पाटीलाच डाखलेली असते. उद्या ती अपुरी पडली तर काय काढावे आणि काय ठेवावे हा प्रश्नच उरत नाही.

शेवटी सौभाग्यवतीपुढे प्रस्ताव ठेवला. यंत्र दुरुस्त करावयाचे. जुन्या तबकडीची जशीच्या तशी नक्कल नव्या एसएसडीवर घ्यावयाची. आंतरजालाशी त्याचा संबंध तोडावयाचा. बँक आणि पत्रव्यवहार तिच्या यंत्रावर. अण्णांचे लेखन युनिकोडमध्ये उतरले, की पुढचा निर्णय तिचा. तिने मंजुरी दिली, मात्र मुदत घालून: पावसाळ्यापूर्वी.

काम वाटले त्याहून संथ आहे. रूपांतर करणारी प्रणाली ह्रस्व वेलांटी शेजारच्या अक्षरावर टाकते, रफार उडविते. ‘वाऱ्यावर’ आणि ‘तऱ्हा’ ह्यांतला अर्धा र तिला उमगत नाही. मूळ हिंदीसाठी घडलेल्या साधनाला तो उमगावा कसा? म्हणून प्रत्येक ओळ जुन्या पडद्याशी ताडून पाहतो. अण्णांचे शिक्षण १९६२ च्या शुद्धलेखन-नियमांपूर्वीचे. ‘कांहीं’, ‘नाहीं’, ‘घरांत’ हे त्यांचे अनुस्वार प्रणालीने इमानाने पोचविले, आणि आमच्या संगणकाचा शब्दतपासनीस त्या प्रत्येकाखाली तांबडी रेघ ओढतो. त्या रेघा आम्ही तशाच राहू दिल्या आहेत. एकसष्ट पृष्ठे झाली. बासष्टाव्यावर अण्णा नुकतेच मॅट्रिकच्या परीक्षेला बसले आहेत.