चिठ्ठीवरची वेळ

कोकणात भातकापणीच्या दिवसांत आमच्या कॅज्युअल्टीत सर्पदंशाचे रुग्ण येत राहतात. श्वास, नाडी, पापण्या बघून झाल्या की माझी नजर जाते ती प्राथमिक आरोग्य केंद्राच्या चिठ्ठीवर. दंश किती वाजता झाला, कोरड्या काचेच्या नळीत ठेवलेलं रक्त २० मिनिटांत गोठलं का, सर्पविषावरच्या औषधाच्या, एएसव्हीच्या, १० कुप्या कधी सुरू केल्या, एवढं त्यावर असलं की पुढची वाट स्पष्ट होते. फुरसं किंवा घोणस चावली असेल, तर पहिल्या मात्रेनंतर ६ तासांनी रक्ताचं गोठणं पुन्हा तपासायचं असतं. ते ६ तास आरोग्य केंद्राच्या छोट्या खोलीत कधीच सुरू झालेले असतात. नुसतं ‘पुढील उपचारासाठी’ लिहून आलं, की रुग्णाच्या घाबरलेल्या भावाला वेळा विचारत बसावं लागतं.

उपचार गावाजवळच सुरू व्हावा, हे आम्ही विंचवाकडून शिकलो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी विंचूदंशावर प्राझोसिन वापरून दाखवलं. पोटात घ्यायची साधी गोळी. ती द्यायला अतिदक्षता विभाग लागत नाही.

मला जास्त काळजी वाटते ती घरी गेलेल्या रुग्णाची. एएसव्ही घेतलेल्या काहींना आठ-दहा दिवसांनी ताप येतो, सांधे धरतात, अंगावर पित्त उठतं. ही औषधाची उशिरा येणारी प्रतिक्रिया असते, पण घरच्यांना वाटतं विष उतरलंच नव्हतं, आणि ते मांत्रिकाकडे निघतात. घोणशीच्या विषाने मूत्रपिंडाला इजा झाली असेल तर लघवी कमी होते, आणि ते कुणी आपणहून सांगत नाही. डिस्चार्ज कार्डावर ‘गरज पडल्यास यावे’ लिहायची आमची रीत मला पटत नाही. गरज कशी ओळखायची, हे आजारी माणसाने ठरवायचं का?

म्हणून रुग्ण निघण्याआधी मी त्याच्या गावच्या आशा स्वयंसेविकेला, म्हणजे आशाताईंना, फोन लावतो. लघवी किती होते, सूज चढते की उतरते, जखम काळी पडते का, ताप कधी आला, हे त्यांना सांगतो आणि त्यांच्याकडून परत म्हणवून घेतो. त्यांचं ऐकूनही घेतो. घरात पाणी कोण भरतं, रुग्ण दुसऱ्याच दिवशी शेतात उतरणार का, हे त्यांनाच ठाऊक असतं.

“सर, पाय उतरलाय, पण कालपासून लघवीला एकदाच गेला,” असा निरोप आला की मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिनची तपासणी त्याच दिवशी व्हायला हवी. त्या वेळी मी ड्युटीवर असेनच असं नाही. त्यामुळे कॅज्युअल्टीच्या नोंदवहीत रुग्णाच्या नावासमोर आशाताईंचं नाव, फोन नंबर आणि काय सांगितलंय ते लिहून ठेवतो. फोन उचलणाऱ्या डॉक्टरने “आधी केसपेपर काढा” म्हणू नये, “ताई, गाडीत बसवा त्याला” म्हणावं.