'ऑब्स्टिनेट' कोण?

काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीने आमच्याकडे शिफारसपत्र मागितले. लघुप्रबंधातील आपले एक मत, आम्ही तीनदा खोडूनही, तिने बदलले नव्हते. पत्र इंग्रजीत लिहायचे होते. तिचे गुण लिहून झाल्यावर, प्रामाणिकपणाच्या भरात, आम्ही आणखी एक विशेषण जोडले : 'ऑब्स्टिनेट'. पाकीट बंद करण्यापूर्वी त्याला मराठी प्रतिशब्द शोधावा असे वाटले, आणि तिथेच आम्ही अडलो.

प्रथम सुचला तो 'हट्टी'. संस्कृत 'हठ' म्हणजे बळजोरी. पण मराठीत हट्ट पुरवताही येतो, त्यात लाडाला जागा आहे. 'ऑब्स्टिनेट'मध्ये ती नाही. त्याचे मूळ लॅटिन. 'ऑब' म्हणजे विरुद्ध, आणि पुढचा भाग 'उभे राहणे' या अर्थाच्या, आपल्या 'स्था'शी नाते सांगणाऱ्या धातूचा. विरोधात उभा ठाकलेला, तो ऑब्स्टिनेट. कोणाच्या विरोधात, हे मात्र विशेषण सांगत नाही. ते बहुधा बोलणाऱ्याच्याच विरोधात असते.

मग हेकट, हेकेखोर, आडमुठा, दुराग्रही हे शब्द तपासले. इंग्रजीत हटता न हटणाऱ्या खोकल्यालाही 'ऑब्स्टिनेट' म्हणतात. तिथे आपण 'चिवट' म्हणतो. पण खेळाडूला 'चिवट' म्हटले की ती दाद ठरते. 'आग्रह' तर पंगतीत प्रेमाचा, 'दुर्' लागला की दोषाचा, आणि 'सत्य' जोडले की गांधीजींच्या लढ्याचा. मागे काय जोडायचे ते बोलणारा ठरवतो.

बर्ट्रांड रसेल यांनी 1948 साली बीबीसीवर नेमका हाच खेळ मांडला होता. एकच वृत्ती स्वतःची असली की ठामपणा, समोरच्याची असली की हट्ट आणि तिसऱ्याची असली की निव्वळ मूर्खपणा! आमच्या इंग्रजीच्या सहकाऱ्यांनी आणखी एक आठवण करून दिली. जेन ऑस्टिनच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस' (1813) मध्ये लेडी कॅथरिन एलिझाबेथला हेच विशेषण लावते, कारण डार्सीशी लग्नाच्या बाबतीत ती तिच्यापुढे झुकत नाही. त्या प्रसंगात वाचक एलिझाबेथच्या बाजूचा असतो. आम्हीही तिच्याच बाजूचे होतो. आमच्या पत्रात मात्र आम्ही लेडी कॅथरिनच्या खुर्चीत बसलो होतो.

आपल्या परंपरेने बालहट्ट, स्त्रीहट्ट आणि राजहट्ट असे तीन हट्ट मानले. गुरुहट्ट त्यांत नाही. तो नसतो म्हणून, की नावे ठेवण्याचे काम गुरूंकडेच असते म्हणून?

आम्ही ते विशेषण खोडले आणि 'आपले मत पुराव्यानिशी मांडणारी' अशा अर्थाचे वाक्य लिहिले. पत्र त्याच दिवशी गेले. लघुप्रबंधातील ते पान पुन्हा उघडून वाचायला मात्र आम्हाला आणखी आठ दिवस लागले.