बाबांच्या गाडीचे खण

आमचे बाबा हापसे दुरुस्त करतात. नगरहून करंजी घाट ओलांडून पाथर्डीच्या बाजूच्या वाड्यावस्त्यांवर त्यांचा छोटा टेम्पो गेलीं कित्येक वर्षें फिरतो आहे. शाळेस सुटी लागली म्हणजे आम्ही दोघे भाऊ त्यांच्याबरोबर जातों. हौद्यांत हत्यारें भरण्याचें काम पूर्वीपासून आमच्याकडे असे. आणि ‘भरणें’ या शब्दाचा अर्थ आम्ही पोत्यांत कांदे भरावे तसा करीत असूं.

हापशाचें पाणी पुष्कळांनीं प्यालें असेल, पण त्याचें पोट फार थोड्यांनीं पाहिलें असेल. गांवोगांवीं दिसतो तो बहुधा ‘इंडिया मार्क दोन’ या जातीचा. त्याचा पूर्वज आपल्याच मुलखांतला. ओतीव लोखंडाचे घरगुती पंप साऱ्या गांवाच्या वापराला टिकेनात, तेव्हां जालन्याच्या मिशनमध्यें व पुढें सोलापुरांत पोलादी पंप करून पाहिले गेले. त्यांवरून १९७० नंतरच्या दशकांत युनिसेफच्या साहाय्यानें हा नमुना सिद्ध झाला. ही हकीकत सांगतांना बाबांचा चेहरा आजोळाविषयीं बोलणाऱ्या माणसासारखा होतो.

या हापशाची एक खोड मात्र मोठी आहे. तळाच्या सिलिंडरमधील चामड्याचा वॉशर झिजला, तर तेवढ्यासाठीं सगळे पाइप वर काढावे लागतात. एकेक पाइप ३ मीटर लांब व सुमारें १० किलो वजनाचा. सिलिंडर ३० मीटर खोल असेल तर असे दहा पाइप, शिवाय आंतल्या सळ्या. वरचा पाइप सोडवीत असतां खालचे सर्व पाइप बोअरच्या तोंडाशीं धरून ठेवतो तो क्लॅम्प. लोखंडी दांत्यांचा हा जबडा सुटला, कीं सर्व संपलें.

गोष्ट सन २०२४ च्या मे महिन्यांतील. एका वाडीवर वॉशर बदलून पाइप परत आंत सोडण्याचें काम चाललें होतें. सहा पाइप गेले होते. क्लॅम्पचे दांते घसरत आहेत हें बाबांच्या ध्यानीं आलें. पाइप-पान्यावर सारा भार देऊन ते म्हणाले, ‘‘पोरांनो, दुसरा क्लॅम्प आणा. लवकर.’’

आम्ही हौद्यांत चढलों. सकाळीं आम्हींच तो सर्वांत प्रथम टाकला होता. अर्थात् तो सर्वांत खालीं. त्यावर दोराचें वेटोळें, त्यावर पाने, त्यावर आटे पाडण्याच्या डायची पेटी, त्यावर आमच्या डब्यांची पिशवी. आम्ही दोन्हीं हातांनीं उपसूं लागलों. क्लॅम्प हातीं लागला तोंच मागें करकर असा आवाज झाला आणि मग खोल, फार खोल, धप्प झालें. पान्याचा दांडा बाबांच्या मनगटावर बसला होता.

गळ टाकून ते पाइप वर काढावयास दोन दिवस लागले. त्या दोन दिवसांत वाडीच्या बायकांनीं दीड कोसावरील विहिरीवरून पाणी आणलें. दुपारीं एका आजीनें आम्हांस भाकरी वाढली आणि पाण्यानें भरलेला तांब्या आमच्यापुढें ठेवला. तो आम्हांस उचलवेना.

बाबा रागावले नाहींत. रागावते तर बरें झालें असतें. मनगटास फडकें बांधून ते गाडी चालवीत राहिले, आणि घर येईपर्यंत कोणी कोणाशीं बोललें नाहीं.

दुसऱ्या दिवशीं आम्हीं हौद्याचें माप घेतलें. लांबी सात फूट, रुंदी पावणेपांच फूट. त्यांत बसेल असा एकच भला मोठा खण करावा, म्हणजे सगळें एका ठिकाणीं राहील, असा आमचा विचार. बाबा म्हणाले, ‘‘खण घरांतल्या कपाटाला. गाडींत लोखंड नाचतं.’’ तरी त्यांनीं प्लायवुडाला पैसे दिले. तो पहिला खण कसा झाला हें फार सांगण्यासारखें नाहीं. हत्यारें भरल्यावर तो आम्हां दोघांना ओढवेना. ओढला तेव्हां एक बाजू पुढें आली, दुसरी मागें राहिली व तो तिरपा अडकून बसला. कपाटाच्या खणांचें पत्र्याचें चॅनेल आम्हीं लावलें होतें, तें त्या वजनानें वाकलें. आणि खालून खिळ्यांनीं ठोकलेला तळ तिसऱ्या दिवशीं हत्यारांसकट सुटला.

शेजारच्या सुतारमामांनीं तो पाहिला आणि प्रथम पोटभर हसून घेतलें. नंतर त्यांनीं दोन गोष्टी सांगितल्या. खण नेहमीं रुंदीपेक्षां लांबीला अधिक असावा, म्हणजे त्याच्या बाजू त्याला सरळ धरून ठेवतात व तो तिरपा होत नाहीं. तसेंच, तळ कधींही खालून ठोकूं नये. चारी बाजूंना आंतून खाच पाडून तींत तो बसवावा, म्हणजे भार खिळ्यावर न येतां लांकडावर येतो. गुण्या, रंधा आणि पटाशी त्यांनीं आम्हांस आठ दिवस वापरावयास दिली. खाच पाडण्याचें काम दिसतें तितकें सोपें नाहीं. पहिल्या दोन फळ्या आम्हीं वांयां घालविल्या. तिसरीची खाच कोठें खोल, कोठें उथळ अशी झाली, ती तशीच चालवून घेतली. अजून ती डाव्या खणाच्या मागच्या बाजूस आहे. कोणास दिसत नाहीं, आम्हांस दिसते.

या वेळीं तीन अरुंद खण केले. प्रत्येक सव्वा फूट रुंद व चार फूट लांब. चॅनेल अजिबात घेतलें नाहीं. खालीं सागाच्या पट्ट्या ठोकल्या, त्यांवर मेणबत्ती घासली, आणि खण त्यांवरून असे सरकूं लागले कीं आम्हीं विनाकारण वीस वेळां ते उघडझांप करून पाहिले. खणांच्या मागें, केबिनला लागून उरलेल्या जागेंत दोर व जड सुटे भाग ठेवले. कारण सारें वजन मागच्या टोकाला गेलें तर गाडीचें तोंड हलकें होतें, असें बाबांचें म्हणणें पडलें. बाबा आतां म्हणणें मांडूं लागले होते.

करंजी घाटानें आमची परीक्षा घेतली. खण फाळक्याच्या बाजूला उघडणारे. गाडी चढणीला लागली तसे तिन्ही मागें सरकले आणि फाळक्यावर आदळून उघडे पडले. वॉशर, नट, बेअरिंग यांची हौदाभर पेरणी झाली. घाटाच्या कडेला गाडी उभी करून आम्ही ती वेंचीत बसलों असतां बाबा एका टाकाऊ सळईकडे पाहात उभे होते. हापशाची ती १२ मि.मी. जाडीची सळई, आटे गेल्यामुळें निकामी झालेली. घरीं आल्यावर त्यांनीं प्रत्येक खणाच्या तोंडाला व मधल्या उभ्या फळ्यांना कोयंडे बसविले, ती सळई सर्वांतून आडवी घातली व टोकाला कुलूप लावलें. एका सळईनें तिन्ही खण बंद. अशी युक्ति आमच्या डोक्यांत आली नसती, हें कबूल करावयास हवें.

त्या रात्रीं आम्ही झोपल्यावर त्यांनीं आणखी एक काम केलें होतें. सकाळीं खण उघडून पाहतों तों तळावर प्रत्येक हत्याराच्या भोंवतीं कोळशानें रेघ ओढलेली: पाइप-पान्याची आकृति, पकडीची, हातोड्याची, आणि डाव्या खणांत अगदीं पुढें, हात घातल्याबरोबर लागेल अशा जागीं, दुसऱ्या क्लॅम्पची. पुढें त्या रेघांवर आम्हीं पांढरा रंग भरला.

दिवाळीच्या सुटींत त्याच वाडीवरून पुन्हां बोलावणें आलें. या खेपेस साखळी तुटली होती, काम तासाभराचें. बाबांनीं मागें न पाहतां हात पुढें करावा आणि आम्हीं त्यांत हत्यार ठेवावें, असें चाललें. वाडी सोडतांना सळई घालण्यापूर्वीं आम्हीं खण पाहिले, तों उजव्या खणांत एक पांढरी आकृति रिकामी होती. मोठा पाना नव्हता. अंधार पडूं लागला होता. आम्ही धांवत हापशाकडे परत गेलों. तेथें तीच आजी उभी होती. पाना तिनें धुवून, पदरानें पुसून हापशाच्या दांड्यावर आडवा ठेवला होता, आणि तिची घागर अर्धी भरली होती. पाना उचलण्यापूर्वीं आम्हीं दांड्याला हात घातला व उरलेली घागर भरून दिली.