जाळीची थाळी

“मामा, ही तर नुसती जाळी! लहरी गळून जात नाहीत का?”

पेठहून एस.टी.नं नारायणगाव, तिथून खोडद; भाचीला घेऊन मुद्दाम रेडिओ दुर्बीण बघायला गेलो होतो. ४५ मीटर व्यासाची एकेक थाळी, अशा एकूण ३०! उत्तर मला ठाऊक नव्हतं. तरी ऐटीत ठोकून दिलं, “पत्रा महाग पडतो ना!”

तिथल्या मार्गदर्शकांनी मात्र नीट समजावलं. ही दुर्बीण आकाशातल्या ज्या रेडिओलहरी टिपते, त्यांची लांबी कमीत कमी २० सेंटिमीटर. काहींची तर दोन मीटरच्याही वर. जाळीची भोकं जेमतेम एक-दोन सेंटिमीटरची. मुलांनो, भोक लहरीपेक्षा बरंच लहान असलं, की लहरीला जाळी म्हणजे सलग पत्राच! ती उलट फिरते. उजेडाची लहर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान, म्हणून जाळीतून आभाळ दिसतं. वाराही आरपार जातो, त्यामुळे थाळी हलकी ठेवता आली. डॉ. गोविंद स्वरूप यांची ही युक्ती.

खर्च वाचतो हे खरंच. पण तिनं ते विचारलंच नव्हतं. परतताना एस.टी.त मी तसं कबूल केलं. खिडकीबाहेर बघत ती म्हणाली, “मला तेव्हाच कळलं होतं.”